पिवळ्या बरणीचं वकीलपत्र

नुन्झिओ कापुआनोने आयुष्यात कधी कुणाचं वकीलपत्र घेतलं नव्हतं. पाणीपट्टीच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे बसून त्याने सबंध नोकरी काढली, आणि त्या खिडकीमागे बसणारा माणूस दुसऱ्याची बाजू घ्यायला शिकत नाही, दुसऱ्याला बाजूच्या खिडकीकडे धाडायला शिकतो. निवृत्त झाल्यावरही दक्षिण फिलाडेल्फियातल्या त्याच्या गल्लीत कुणाचं भांडण जुंपलं की नुन्झिओ घरात जायचा, पडदा ओढायचा आणि फक्त कान बाहेर ठेवायचा. असा हा सरळमार्गी माणूस चीज सॉसच्या एका बरणीपायी भर रस्त्यात लाऊडस्पीकर घेऊन उभा राहिला, याला कारण त्याची बायको.

लोरेटा शाळेत नर्स होती. शाळा सुटली, पण नर्सपण काही सुटलं नाही. त्या दिवशी ती नुन्झिओला डॉक्टरांकडून तपासून घेऊन आली, खांद्यावरची पर्सही न उतरवता तिने फ्रिज उघडला, दारातल्या कप्प्यातली पिवळी बरणी उचलली आणि तडक कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

"थांब! काय करतेस?"

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"मीठ कमी करा म्हणाले. बरणीचं नाव कुठे घेतलं?"

"त्यांनी मला विचारलं, घरात सगळ्यात खारट काय आहे? मी म्हटलं, एक हा आणि एक ती बरणी. तुला टाकता येत नाही."

आता इथे नुन्झिओची बाजूही समजून घ्यायला हवी. गेल्या काही वर्षांत त्याचं एकेक सुख डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निघून गेलं होतं. सिगारेट गेली, मसालेदार सॉसेज गेलं, जेवणानंतरची दुसरी कॉफी गेली. उरलं होतं ते शुक्रवारचं स्टेक सँडविच: लांब पाव, मांसाचे पातळ काप, तांबूस परतलेला कांदा आणि त्यावर गरम, पिवळाधमक, बोटांवरून मनगटापर्यंत ओघळणारा तो सॉस. आठवड्याचे बाकीचे दिवस तो केवळ शुक्रवार यावा म्हणून जगत असे. बरणी गेली असती तर नुन्झिओकडे आपलं म्हणावं असं एकही पाप उरणार नव्हतं.

म्हणून तो छाती काढून म्हणाला, "लोरेटा, त्या बरणीला इतिहास आहे!"

"अस्सं? सांग."

नुन्झिओने तोंड उघडलं. मग मिटलं. मग पुन्हा उघडून म्हणाला, "ती... फार पूर्वीपासून आहे."

त्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. प्रत्येकाला चार भिंती, पण त्यातल्या दोन शेजाऱ्यांशी भागीत. त्यामुळे भिंतीपलीकडून ताबडतोब आर्मंड स्किआव्होचं हसू ऐकू आलं. आर्मंड म्हणजे गल्लीतला निवृत्त न्हावी. स्टेक सँडविचवर प्रोव्होलोन चीजशिवाय दुसरं काही घालणाऱ्या माणसाला स्वर्गात जागा नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

"इतिहास?" भिंत म्हणाली. "त्या रंगाला? लेका, तो रंग आम्ही रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर मारतो!"

नुन्झिओचा चेहरा लाल झाला. घरात बायकोकडून अपमान होणं हा संसाराचा भाग आहे. भिंतीकडून होणं वेगळं. लोरेटाने दोघांकडे, म्हणजे नवऱ्याकडे आणि भिंतीकडे, बघितलं आणि बरणी टेबलावर ठेवली.

"ठीक आहे. हिच्यात माणसाच्या शरीराला उपयोगी अशी एक, फक्त एक गोष्ट चारचौघांत सिद्ध करून दाखव. दाखवलीस तर बरणी फ्रिजमध्ये राहील आणि मी पुन्हा ब्र काढणार नाही. नाही जमलं, तर घरात काय आणि बाहेर काय, तू हिला शिवायचं नाहीस."

"चारचौघांत कशाला?"

"कारण माझ्या एकटीपुढे तू रोजच जिंकतोस."

*

नुन्झिओ दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेला. तिथल्या बाईंना त्याने हलक्या आवाजात विषय सांगितला. त्या म्हणाल्या, जरा मोठ्याने बोला. त्याने मोठ्याने सांगितला, आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी चष्मे वर केले. पण एकदा वाचायला बसल्यावर त्याला खरंच गोडी लागली. या सॉसच्या मागे स्वित्झर्लंड होतं, महायुद्ध होतं, प्रयोगशाळा होती! आपण इतकी वर्षं केवढा मोठा वारसा पावात घालून खात होतो, या जाणिवेने त्याचा ऊर भरून आला.

पोषणमूल्यांचं मात्र जड जात होतं. घरी येऊन त्याने भिंग लावून बरणीवरचं लेबल वाचलं. सगळ्यात पहिलं नाव निघालं ते चीज करताना उरणाऱ्या निवळीचं. मग तेल आलं, मग उच्चारायला दात घट्ट बसलेले हवेत अशी काही नावं आली. चीज कुठे आहे ते शोधायला त्याला बरणी फिरवत फिरवत पार मागच्या बाजूला जावं लागलं. लोरेटा भांडी पुसत म्हणाली, "सापडलं का? का हाक मारू?"

तोपर्यंत आर्मंडने बातमी गल्लीभर केली होती. 'चारचौघे' म्हणता म्हणता चाळीस झाले. स्वयंपाकघरात सहा माणसं मावतात, तीही एकाने फ्रिजवर हात ठेवून उभं राहायचं ठरवलं तर. म्हणून नुन्झिओ चर्चचा हॉल मागायला गेला. फादर टिघ म्हणाले, "हॉलमध्ये बायकांचा बिंगो असतो. बिंगो हलवायचा म्हणजे मला बिशपना विचारावं लागेल, आणि बायकांना विचारायची तर माझी हिंमतच नाही. पण लाऊडस्पीकर घेऊन जा. रस्त्यातच का करत नाहीस?"

रस्त्यात! नुन्झिओला स्वतःलाच कल्पना आवडली. रस्ता बंद करायचा तर त्याची रीत ठरलेली: गल्लीतल्या बहुतेक घरांच्या सह्या घ्यायच्या आणि नगरपालिकेतून परवाना आणायचा. सह्या म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम, असं म्हणून तो अर्ज घेऊन बाहेर पडला. सगळं आयुष्य अर्ज नाकारण्यात गेलेल्या माणसाला अर्ज घेऊन फिरण्यातलं काहीच ठाऊक नसतं.

प्रत्येक घराने सही दिली, पण तशी नाही दिली. सल्ल्यासकट दिली. कोपऱ्यावरच्या डिलोरेन्झो बाई म्हणाल्या, "सॉसचं बोल, पण मीटबॉलबद्दलही दोन शब्द बोल, माझ्या आईच्या आत्म्याला बरं वाटेल." त्यांच्या नवऱ्याने सांगितलं, बोलताना हात हलवू नकोस, खोटं बोलतोयस असं वाटतं. समोरच्याने सांगितलं, हात हलव, नाहीतर आजारी वाटतोस. आर्मंडने तर अर्ज भिंतीला टेकवून पूर्ण वाचला आणि अट घातली: प्रोव्होलोनला सारखाच वेळ मिळायला हवा.

"ते कशाला? तू काय बोलणार?"

"मी काही बोलणार नाही. मी नुसतं एका ताटात प्रोव्होलोन घेऊन उभा राहीन. लोक बघतील आणि समजतील."

सगळ्यात शेवटी फिलोमीना मावशी. ही कुणा एकाची मावशी नव्हती, सगळ्या गल्लीची होती. नव्वदीला टेकलेली, हाडकुळी, काळ्या झग्यातली. तिची सही नसेल तर बाकीच्या सह्यांना कुणी विचारत नाही. तिने नुन्झिओला बसवलं आणि अर्ज उलटा धरून विचारलं, "कशाचं भाषण म्हणालास?"

"सॉसचं, मावशी."

"सॉस टोमॅटोचा असतो. रविवारी पहाटे चढवायचा आणि चर्चहून येईपर्यंत शिजू द्यायचा."

"हा चीजचा आहे, मावशी. बरणीतला. तुम्ही कधी खाल्ला नाहीत?"

मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली. "तुझी आई असती तर तिने मला हा प्रश्न विचारणाऱ्याला लाटण्याने मारलं असतं." पण सही केली. उशीर होईतोवर बोलून मग केली, आणि वर म्हणाली, "मी येणार. उन्हात बसवू नकोस म्हणजे झालं."

नगरपालिकेच्या खिडकीवर नखं रंगवलेली एक तरुण मुलगी होती. तिने अर्जावर बोट ठेवलं. "कारण?"

"व्याख्यान."

"व्याख्यान हा प्रकार यात नाही. वाढदिवस आहे, सण आहे, शेजाऱ्यांचं संमेलन आहे."

"अहो, प्रक्रिया केलेल्या चीज सॉसचा इतिहास आणि त्याची पोषणमूल्यं, असा विषय आहे."

मुलीने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा वर बघितलं. "सॉसचं वय किती?"

"सत्तरीच्या पुढे."

"मग वाढदिवस लिहिते."

नुन्झिओ दुखावला. पण त्याच्यातल्या जुन्या खिडकीवाल्याने मनातल्या मनात तिला मानलंसुद्धा. त्यानेही एकदा एका गृहस्थाच्या तळघरात पाणी शिरल्याची तक्रार 'पुरवठा समाधानकारक' या सदरात नोंदवली होती. कामाची माणसं आता राहिली नाहीत असं लोक म्हणतात, ते खरं नाही.

*

ठरलेला शनिवार उजाडला तोच तापलेला. नुन्झिओने सगळ्यांना दोनच विनंत्या केल्या होत्या: सकाळी गाड्या गल्लीतून हलवा, आणि येताना आपापली खुर्ची आणा. नऊच्या सुमाराला त्याने खिडकीतून बघितलं तर त्याचे डोळे भरून आले. सबंध रस्ता मोकळा, एकही गाडी नाही, आणि दोन्ही बाजूंना ओळीने खुर्च्याच खुर्च्या! घडीच्या, प्लास्टिकच्या, जेवणाच्या टेबलाच्या, एक तर पाय तुटलेली आणि विटेवर टेकवलेली.

"लोरेटा, ये बघ! व्याख्यानाला अजून दोन तास आहेत, आणि लोकांनी जागा धरून ठेवल्यात!"

लोरेटाने बघितलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "हो. जागाच धरून ठेवल्यात."

तेव्हा नुन्झिओच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गल्लीत गाडी हलवली की रिकाम्या जागेत खुर्ची ठेवायची, हा कायदा आहे. नगरपालिकेला तो मान्य नाही, पण देवाला असावा, कारण फादर टिघही ठेवतात. खुर्ची दिसली की तिथे दुसऱ्याने गाडी लावायची नाही. लावली तर तिचं काय होतं याबद्दल कुणी उघड बोलत नाही, पण काच बसवणाऱ्याचा धंदा बरा चालतो. आणि त्या कायद्याचं मुख्य कलम असं, की जागा राखणाऱ्या खुर्चीवर बसायचं नाही. मालकानेसुद्धा नाही. बसलं की ती बसायची खुर्ची होते, आणि जागेवरचा हक्क गेला.

नुन्झिओ धावत बाहेर आला. आर्मंड आपली हिरवी खुर्ची इंच इंच सरकवून बरोबर मध्यावर आणत होता.

"अरे भल्या माणसा, रस्ता बंद आहे! परवाना आहे माझ्याकडे! गाडी येणार कुठून?"

"परवाना संध्याकाळपर्यंत आहे. त्यानंतर?"

"मग संध्याकाळी ठेव ना खुर्ची!"

"संध्याकाळी सगळेच ठेवतील," आर्मंड म्हणाला. फिलोमीना मावशीने तर गाडी कधीच विकून टाकली होती, तरी तिची वेताची खुर्ची तिच्या दारासमोर उभी होती. तत्त्व म्हणून. नुन्झिओने कपाळाला हात लावला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की सकाळी उठल्या उठल्या, अर्धवट झोपेत, त्याने स्वतःही आपली खुर्ची स्वतःच्या जागेत ठेवून दिली होती. हात आपोआप काम करतात.

अशा रीतीने अकरा वाजता व्याख्यानाला सुरुवात झाली तेव्हा रस्ताभर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि सगळी गल्ली फुटपाथवर दाटीवाटीने उन्हात उभी होती. वाढदिवस म्हटल्यामुळे डिलोरेन्झो बाई केक घेऊन आल्या होत्या आणि त्यावरची मेणबत्ती उन्हाने आडवी झाली होती. नुन्झिओच्या दारापुढच्या सगळ्यात वरच्या पायरीवर सॉसचं भांडं होतं. घाऊक दुकानातून त्याने हॉटेलवाले नेतात तो भला मोठा डबा आणला होता, आणि आता भांड्यातल्या सॉसवर जाड साय धरत होती. समोर आर्मंड प्रोव्होलोनचं ताट घेऊन मूकपणे उभा होता. प्रोव्होलोनलाही घाम फुटला होता.

आणखी एक अडचण नुन्झिओने लक्षातच घेतली नव्हती. त्या गावात सँडविचच्या खिडकीशी माणसाने आपली मागणी दोन शब्दांत सांगायची असते: सॉस कोणता, आणि कांदा हवा की नको. तिसरा शब्द काढला की मागची रांग ओरडायला लागते. बाळपणापासून हे वळण लागलेल्या लोकांपुढे तो म्हणाला, "बंधूंनो आणि भगिनींनो, आजच्या विषयाकडे वळण्याआधी—"

"वळ!" रांग ओरडली.

"एकोणीसशे अकरा साली—"

"बिंगो!" मागून कुणीतरी म्हणालं. बिंगोचे आकडे त्याच लाऊडस्पीकरवरून पुकारले जात, त्यामुळे तो ऐकला की त्यांच्या तोंडून तेच निघायचं.

तरी नुन्झिओने नेट सोडला नाही. त्याने सांगितलं की स्वित्झर्लंडमध्ये दोघांनी चीजमध्ये एक प्रकारचा क्षार घालून ते वितळवलं, तेव्हा त्यातलं तेल वेगळं न होता ते एकजीव झालं. हेतू असा, की गरम देशांत पाठवलं तरी ते टिकावं. पुढे अमेरिकेत तशी चीजं डब्यात भरली गेली, पहिल्या महायुद्धात सैनिकांनी ती खाल्ली. हे ऐकून दोनचार म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. नुन्झिओला चढलं. त्याने हात हलवायला सुरुवात केली.

"आणि मग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशातल्या प्रयोगशाळेत हा सॉस जन्माला आला! कशासाठी? तर इंग्लंडमधल्या लोकांना टोस्टवर ओतायला चीजचा सॉस लागतो, तो घरी ढवळत बसायचा त्रास वाचावा म्हणून—"

"काय?" आर्मंडने मौन सोडलं. "कुणासाठी?"

नुन्झिओ थबकला. वाचनालयात हा मुद्दा त्याला फार मौजेचा वाटला होता.

"ऐकलंत ना रे? इंग्रजांसाठी! आपण सगळे बापजाद्यांपासून इटलीचे, आणि हा आपल्याला इंग्रजांचा टोस्ट चारतोय!"

फुटपाथवर खळबळ उडाली. जे लोक शुक्रवार-शनिवार तोच सॉस मिटक्या मारत खात आले होते ते एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. एक जण म्हणाला, माझ्या बापाला हे कळायला नको होतं. नुन्झिओने घाईघाईने पोषणमूल्यांवर उडी मारली. यात कॅल्शियम आहे, हाडांना चांगलं असतं.

"किती?" पायरीच्या कठड्याला टेकून उभी असलेली लोरेटा म्हणाली.

"थोडं."

"आणि मीठ?"

नुन्झिओने आवाज खाली आणला. पण लाऊडस्पीकरने आणला नाही. "दोन चमच्यांत दिवसभराच्या मिठाचा पाचवा हिस्सा," असं सबंध गल्लीला, शेजारच्या गल्लीला आणि बहुधा फादर टिघना ऐकू गेलं.

"अगं आई गं," डिलोरेन्झो बाई म्हणाल्या. लोरेटा नुन्झिओकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता, ते त्याला जास्त लागलं. त्याने भांड्याकडे बघितलं. पुढचा शुक्रवार त्याला कोऱ्या पावासारखा दिसायला लागला.

नेमक्या त्या वेळी फिलोमीना मावशी डुलायला लागली. आधी वाटलं, झोप लागली. मग तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती डिलोरेन्झो बाईंच्या अंगावर कलंडली, केकसकट.

"मावशीला बसवा!" लोरेटा ओरडली.

आणि गल्लीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. सगळीकडे खुर्च्याच खुर्च्या, आणि एकाही माणसाचा हात पुढे होईना. मावशीची स्वतःची खुर्ची दोन पावलांवर होती. पण त्या अवस्थेतही मावशी पुटपुटली, "माझी नको... माझी जागा जाईल..."

नुन्झिओने लाऊडस्पीकर टाकला, पायऱ्या उतरला, हाताला आली ती हिरवी खुर्ची उचलली आणि मावशीला तिच्यावर बसवलं. ती आर्मंडची होती. आर्मंडने ताट खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, आता हाणामारी होणार. पण आर्मंडने मावशीकडे बघितलं, रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि मुकाट्याने जाऊन त्या जागेच्या बरोबर मध्यावर हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

"काय करतोयस?" कुणीतरी विचारलं.

"मी खुर्ची आहे," आर्मंड म्हणाला. "चालू द्या तुमचं."

लोरेटाने मावशीची नाडी धरली. पाणी पाजलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. "घाम फार गेलाय. पाण्याबरोबर काहीतरी खारट हवंय हिला. लवकर!"

एकाने खिशातून प्रेट्झेल, म्हणजे खारं कडक बिस्किट, काढून दिलं. मावशीने डोळे न उघडताच मान हलवली. "दात घरी आहेत."

"मऊ काहीतरी आणा! मऊ आणि खारट!" लोरेटा ओरडली, आणि ओरडताच थांबली. कारण सगळी गल्ली वरच्या पायरीवरच्या भांड्याकडे बघत होती. मग सगळी गल्ली तिच्याकडे बघायला लागली. नुन्झिओ तेवढा कुणाकडेच बघत नव्हता. त्याला धीर होत नव्हता.

लोरेटा उठली. ती खोटं बोलू शकत नव्हती, हा तिचा जन्माचा दोष. तिने चमचा घेतला, साय बाजूला सारली, सॉस भरला आणि मावशीच्या तोंडात घातला. मावशीने तो जिभेवर घोळवला. कपाळाला आठ्या पडल्या. "यात टोमॅटो कुठाय?" ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं. घोटभर पाणी, चमचाभर सॉस, असं करता करता तिच्या गालांवर थोडा रंग आला. मग तिने डोळे उघडून विचारलं, "मी कुणाच्या खुर्चीवर बसलेय?"

"माझ्या," रस्त्यातून खुर्ची म्हणाली.

गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. लोरेटा चमचा हातात धरून नवऱ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एक उपयोग सिद्ध झाला. मी हरले." लोकांनी नुन्झिओला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण उन्हामुळे सोडून दिला. नंतर घराघरांतून पाव आले आणि सबंध भांडं संपलं. इंग्रजांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, आणि आर्मंडलाही एक सँडविच त्याच्या जागेवर नेऊन द्यावं लागलं, कारण त्याला तिथून हलता येत नव्हतं. त्यात काय घातलंय ते त्याने विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. नुन्झिओला मात्र त्या गडबडीत एक घासही मिळाला नाही. वक्त्याला कोण विचारतो!

*

संध्याकाळी परवान्याची मुदत संपली, गाड्या परत आल्या, खुर्च्या घरात गेल्या. नुन्झिओ हात धुऊन टेबलाशी आला तर त्याच्या पुढ्यात ताट मांडलेलं. पाव, परतलेला कांदा, आणि मधोमध ती पिवळी बरणी, झाकण काढून. लोरेटा समोर बसली, हात मांडीवर.

"खा. मी शब्द दिलाय."

नुन्झिओने सुरी उचलली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. बघायला नको होतं.

"तू रडतेयस?"

"नाही." ती रडत होती. "तू खा. मला भीती वाटते, बाकी काही नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा तू त्यांच्या टायकडे बघत होतास. मी ऐकत होते. उद्या तुला काही झालं तर मी भांडू कुणाशी? भिंतीशी?"

अख्ख्या गल्लीपुढे जिंकलेला माणूस नुन्झिओ, पण त्या टेबलाशी त्याला आपण किती मूर्ख आहोत ते एकदम कळलं. त्याने सुरी खाली ठेवली, बरणीचं झाकण लावलं आणि ती तिच्याकडे सरकवली.

"राहू दे," तो म्हणाला. "मला भूक नाही."

लोरेटाचे अश्रू जागच्या जागी थांबले. लग्न झाल्यापासून हे वाक्य तिने त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालास?"

"भूक नाही. नकोच मला ते."

"जीभ दाखव."

"लोरेटा—"

"जीभ दाखव! छातीत दुखतंय का? डावा हात? हात वर कर बघू!"

"अगं, काही दुखत नाहीये! मी सोडलं ते! तुझ्यासाठी सोडलं!"

"माझ्यासाठी?" लोरेटा ताडकन उठली. "तू? आपणहून? अरे देवा, हा भ्रमिष्टासारखं बोलायला लागलाय!" आणि तिने फोन उचलला.

"फोन ठेव! मी ठणठणीत आहे!"

"मग खाऊन दाखव!"

"आत्ता तर तूच म्हणालीस—"

"मी काय म्हणाले ते सोड! खातोस की अँब्युलन्स बोलावू?" तिने फोन कानाशी धरूनच एका हाताने झाकण उघडलं, पावाचा तुकडा मोडला, बरणीत खोल बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला. "खा ना रे. माझ्यासाठी एक घास खा."

नुन्झिओने तोंड उघडलं. सॉस गार होता, चिकट होता, आणि त्याने आजवर खाल्लेल्या कुठल्याही शुक्रवारच्या सँडविचपेक्षा चांगला लागला. लोरेटा त्याच्या जबड्याकडे टक लावून बघत राहिली. त्याने चावलं, गिळलं, ओठाच्या कडेचं जिभेने पुसून घेतलं, आणि न राहवून दुसऱ्या घासासाठी हात पुढे केला.

तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. तिने फोन खाली ठेवला, त्याचा हात अडवला, बरणी स्वतःकडे ओढली आणि पावाचा एक लहानसा तुकडा आपल्यासाठी बुडवला.

"बघू तरी," ती म्हणाली, "मी कशाला एवढी घाबरत होते ते."